रेवणसिद्धप्पा मास्तरांची बसून ऐकायची चीज

रेवणसिद्धप्पा मास्तरांना काळजी करायला कारण लागत नसे. आभाळ भरून आलं की मोठ्या ढोलाचं कातडं सैल पडेल म्हणून जीव खालीवर, आणि ऊन तापलं की तेच कातडं तडकेल म्हणून. वरातीत नवरदेवाचा घोडा मुकाट चालत असला तरी क्लॅरिनेट वाजवता वाजवता मास्तरांचा एक डोळा त्याच्या मागच्या पायांवर असायचा. त्यांची बायको शरणम्मा शेजारणींना सांगायची, "आमच्या घरात खानारे दोघंच, पन काळजी मात्र धा जनांची शिजते."

पन्नास साली मात्र मास्तरांना खरोखरीचं कारण मिळालं. इतकं मोठं मिळालं, की जन्मभराच्या फुटकळ काळज्या त्यापुढं पोरखेळ ठरल्या.

मास्तर मूळचे हळ्ळीखेडचे, लिंगायत शेतकऱ्याच्या घरचे. चिटगुप्प्याला पायगेच्या, म्हणजे निजामाच्या बड्या जहागिरीच्या, नवाबाचा बँड होता. तो एकदा हळ्ळीखेडात वाजवत आला, आणि हे त्याच्या मागं चालत गेले ते परत शेतावर आलेच नाहीत. बापानं कितीतरी वर्षं बोलणं टाकलं. "फुंकून कुनाचं प्वाट भरलंय?" एवढंच तो म्हणायचा. पण भरलं. बँडच्या म्हाताऱ्या गोवेकर मास्तरानं त्यांना क्लॅरिनेट शिकवलं, रेघांवर काळे ठिपके मांडून सूर लिहायला शिकवलं आणि मरताना ताल द्यायची आपली छडीही देऊन गेला. नवाबाची स्वारी निघाली की सलामी, नवाब जेवायला बसले की इंग्रजी चाली, असं बरं चाललं होतं.

मग अठ्ठेचाळीसची पोलीस कारवाई झाली आणि पुढच्या वर्षी जहागिऱ्याच गेल्या. पायगेचे घोडे, गालिचे, बंदुका सरकारजमा झाल्या, आणि त्यांच्याबरोबर बँडची सगळी वाद्यंही. तहसिलीतल्या एका खोलीत ती कोंडून कुलपावर लाखेचं सील ठोकलं. पेट्यांत भरून ती हैदराबादेला धाडायची असा हुकूम होता. मास्तरांनी तहसीलदारांचे उंबरे झिजवले. शेवटी तहसीलदारच कंटाळून म्हणाले, की हुमनाबादच्या जत्रेला हैदराबादहून एक साहेब येणार आहेत, बँडची पारख करणारे. त्यांना तुमचं वाजवणं पसंत पडलं तर वाद्यं इथंच राहतील आणि तुमचा बँड सरकारी होईल. नाही पडलं तर जत्रा उठली की पेट्या भरायच्या. आणि हो, जुनी सलामी चालणार नाही. वरातीची गाणीही नकोत, ती हैदराबादेत रग्गड आहेत. लोकांनी खाली बसून ऐकावी अशी काहीतरी नवी चीज पाहिजे. तोवर सकाळी वाद्यं बाहेर काढा, संध्याकाळी मोजून आत ठेवा.

बसून ऐकायची चीज! आजवर यांचा बँड कोणी बसून ऐकला नव्हता. लोक एकतर पुढं नाचायचे, नाहीतर मागं चालायचे.

त्या दिवाळीत चिटगुप्प्याच्या माळावर अंकुशरावांची टूरिंग टॉकीज तंबू ठोकून होती. अंकुशराव उदगीरकडचे, अंगानं आडवे, मनानं मोकळे. तंबूत एकच बोलपट महिनाभर चालला होता, कारण दुसरा त्यांच्याकडं नव्हता. एक राणी राजवाड्यातून हाकलली जाते, नावेत बसते, नाव अर्ध्या नदीत जाते आणि काठावर तिचं तान्हं पोर रडत असतं, अशी ती कथा. गावातल्या बाया चार-चारदा जाऊन रडून आल्या होत्या. त्यातली गाणी तबकड्यांवर मिळत होती आणि लातूरचे बँडवाले वाजवतही होते. पण राणी नावेत बसते तेव्हा बोलण्याच्या मागं जे सारंग्या-व्हायोलिनांचं वाजत असतं ते कुठल्याच तबकडीवर नव्हतं. ते कोणीच वाजवत नव्हतं. मास्तरांनी ठरवलं, की हेच उतरवायचं. राजवाडा, मग वाट, मग नाव, असं सगळं जोडून बँडासाठी एक सलग चीज बांधायची.

उतरवणं सोपं नव्हतं. राणी बोलायला लागली की सूर तिच्या पदराखाली जायचे. जरा नीट ऐकू यायला लागलं की पुढं बसलेली मंडळी नेमकी तेव्हाच शिट्ट्या मारायची. मास्तरांना लिहायला उजेड पाहिजे, म्हणून अंकुशरावांनी त्यांना तंबूच्या कडेला, इंजिनाजवळच्या दिव्याखाली जागा करून दिली. रोज तिथं बसून मास्तर कान टवकारून ठिपके मांडायचे. व्हायोलिनांचं क्लॅरिनेटला दिलं, सारंगीचं कॉर्नेट या छोट्या तुतारीला. आणि नावेच्या प्रसंगात, सगळे सूर हळू झाले की, खाली खोल कुठंतरी एक ठोका त्यांना सापडला. धुग, धुग, धुग. थांबत नाही, वाढत नाही. मास्तरांच्या अंगावर काटा आला. हे राणीचं काळीज!

तो ठोका त्यांनी मोठ्या ढोलाला दिला. मोठा ढोल लाडलेसाबांकडं होता. हे आळंदचे, मास्तरांच्या आधीपासून बँडात. कारवाईच्या दिवसांत त्यांनी बायको-पोरं आळंदला पाठवली आणि स्वतः एकटे ढोलापाशी राहिले. तेव्हापासून त्यांचं बोलणं जवळजवळ बंद झालं होतं. चहाच्या हॉटेलातही ते दाराशी बसून, पिऊन, उठून जायचे. मास्तरांनी त्यांना ठोका समजावून सांगितला, "लाडलेसाब, ह्ये राणीचं काळीज हाय. जोरात न्हाई वाजवायचं. नुसतं हाय म्हनून कळलं पायजे."

लाडलेसाबांनी दोन दिवस फक्त त्या ठोक्याचं वजन शोधलं. तिसऱ्या दिवशी हॉटेलात बाकावर मधोमध बसून म्हणाले, "रानी का दिल मेरे पास है, मालूम?" लोक हसले, हेही हसले. दोन वर्षांनी हसले. मास्तरांनी हे डोळ्यांनी पाहिलं होतं.

चीज बसली. तबेल्यातल्या तालमीला गुरांना चारा टाकणारी माणसंही हात थांबवून उभी राहायला लागली. मास्तरांना काळजी नव्हती असं नाही, पण नेहमीचीच होती.

जत्रा आठवड्यावर आली तेव्हा मास्तर क्लॅरिनेटच्या तोंडाला लावायच्या वेताच्या पत्त्या आणायला गुलबर्ग्याला गेले. पत्त्या घेऊन बाहेर येतात तो समोर पक्क्या थिएटरावर त्याच बोलपटाचं चित्र लागलेलं. दुपारचा खेळ होता. व्हायोलिनांचं एक वळण त्यांना नीट सापडलं नव्हतं, ते तपासून घ्यावं म्हणून मास्तर आत जाऊन बसले. वळण सापडलं. बरोबरच होतं. मग राणी नावेत बसली, सूर हळू झाले, आणि खाली काहीच नव्हतं. नुसती शांतता, आणि तिच्यावर एकटं व्हायोलिन.

मास्तरांना वाटलं, यंत्र बिघडलं. ते लगबगीनं दारवानाकडं गेले.

"भाऊ, तुमच्या मशिनीत बिघाड झालाय. राणीचं काळीज बंद हाय."

दारवानानं त्यांना खालून वर पाहिलं. "काय बंद हाय?"

"खालचा ढोल. धुग धुग. आमच्याकडं तंबूत चांगला वाजतो की."

"तंबूत? मग ते इंजिन असंल. आमच्याकडं वीज हाय, काका."

मास्तर तिथंच पायरीवर बसले.

परतीच्या मोटारीत ते मनाशी हिशेब मांडत राहिले. महिनाभर तंबूच्या विजेच्या इंजिनाला टेकून बसलेल्या माणसाच्या कानात इंजिन शिरलं, आणि त्यानं ते रेघांवर मांडून, गोवेकर मास्तराच्या छडीनं दहा जणांकडून वाजवून घेतलं! हैदराबादच्या साहेबानं हा बोलपट पक्क्या थिएटरातच पाहिलेला असणार. तो विचारेल, हा ढोल कुठला? आणि आपण काय सांगणार, तेलाच्या इंजिनाचा? तो पोट धरून हसेल आणि पेट्या भरायला सांगेल. हसू झालं ते झालं, वाद्यंही जातील, दहा घरं उघडी पडतील. बापाचं तेच खरं ठरेल.

ढोल काढायचा, हे मोटारीतच ठरलं. पण लाडलेसाबांना सांगायचं काय? तुम्ही ज्याला राणीचं काळीज म्हणून जपताय ते अंकुशरावांचं इंजिन आहे? हे सांगायला मास्तरांची जीभ रेटेना. दुसऱ्या दिवशी तालमीला ते ढोलाकडं न बघता म्हणाले, "लाडलेसाब, साहेबाचा निरोप आलाय. या चिजेत मोठा ढोल नको म्हनलेत."

लाडलेसाबांनी ढोलाची काठी खाली ठेवली. "नको म्हनले? हौ. बडे लोग हैं, समझ के बोले होंगे." मग हळूच, "मास्तर, मेरा हाथ भारी पड्या क्या?"

"न्हाई न्हाई. तुमचं काईच न्हाई त्यात."

त्यांनी ढोलावर कापड घातलं. पण तालमीला यायचे रोज. ढोल पुसून, कापड घालून, त्याच्यामागं गुडघ्यावर हात ठेवून बसायचे. हॉटेलात पुन्हा दाराशी.

ढोल गेला आणि चिजेची खीळ निखळली. कॉर्नेट पुढं पळायचं, मागचा मोठा पितळी बाजा रेंगाळायचा. मास्तर क्लॅरिनेट तोंडात धरून मानेनं ताल दाखवू लागले. रोजच्या तालमीनं मान धरली. शरणम्मा तेल चोळायला बसली तेव्हा त्यांनी तिला सगळं सांगून टाकलं. आधी ती पदर तोंडाला लावून हसली. मग हसू थांबवून म्हणाली, "मग त्येंला कामून सांगितलं न्हाई?"

"कसं सांगू?"

"मला सांगितलंत तसं."

"तुझं हसून झालं. त्यांचं हसू जाईल."

"तसं बी गेलंयच की," ती म्हणाली आणि तेलाची वाटी उचलून आत गेली. मास्तरांना हे पटलं, आणि तरीही दुसऱ्या दिवशी सांगवलं नाही. भित्रेपणाला उद्याचा मुहूर्त फार आवडतो.

अंकुशरावांचा तंबू आता जत्रेत होता, तोच त्यांनी बँडासाठी दिला. पहिल्या खेळाआधी, दिवेलागणीला कार्यक्रम. मास्तरांनी एकच विनवणी केली, की तेवढा वेळ इंजिन बंद ठेवा, मी गॅसबत्त्या लावतो. "इंजिनानं तुमचं काय वाकडं केलंय?" अंकुशराव म्हणाले, पण बंद ठेवलं.

तंबू गच्च भरला. वाळूवर एका अंगाला बाया, दुसऱ्या अंगाला बाप्ये. पुढं खुर्चीवर साहेब, पांढऱ्या मिशांचे, दोन्ही हात काठीवर. शेजारी तहसीलदार. पडद्यापुढं बँड खुर्च्यांवर बसलेला, तोही जन्मात पहिल्यांदा. शेवटच्या खुर्चीवर लाडलेसाब, पुढ्यात झाकलेला ढोल. बाकीच्यांसारखेच तेही कोट घालून, पितळी बटणं घासून आले होते. मास्तरांच्या तोंडाला कोरड पडली होती. पत्ती ओली होईना.

राजवाडा बरा गेला. साहेबाची मान किंचित हलली. वाटही गेली. मग नाव आली, सूर हळू झाले, मास्तरांचं क्लॅरिनेट एकटं त्या शांततेवर चढलं, गुलबर्ग्यात ऐकलं होतं अगदी तसं.

आणि पुढं बसलेली एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "बंद पडलं ग बाई इंजिन."

या मंडळींनी राणी पाहिली होती ती तंबूत, इंजिनासकट. नाव आली आणि धुगधुग नाही, म्हणजे खेळ मोडला, आता अंधार होणार, हे त्यांच्या कानांना पाठ होतं. बाया आपापली पोरं गोळा करू लागल्या. कोणी चपला शोधायला लागलं. मागून शिट्ट्या आल्या आणि तंबूतला नेहमीचा पुकारा उठला, "अंकुशराव, हँडल मारा!" बाहेर खुद्द अंकुशराव सवयीनं हँडल घेऊन इंजिनाकडं धावले. साहेबानं मागं वळून पाहिलं. कपाळावर आठी. त्या गलबल्यात कॉर्नेट पुढं पळालं, बाजा मागं राहिला, आणि मास्तरांना वाटलं, गेलं. पेट्या भरल्या.

क्लॅरिनेट तोंडात असल्यामुळं बोलता येत नव्हतं. त्यांनी लाडलेसाबांकडं पाहिलं. लाडलेसाबांचा हात गुडघ्यावर ठोका धरून होता. इतके दिवस धरूनच होता. मास्तरांनी ढोलाकडं मान हलवली. लाडलेसाबांनी डोळ्यांनीच साहेबाकडं खूण केली आणि नको म्हटलं. मास्तरांनी पुन्हा मान हलवली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं.

लाडलेसाबांनी कापड काढलं.

धुग. धुग. धुग.

"चाललं," म्हातारी म्हणाली आणि बसली. बाया बसल्या, बाप्ये बसले. कॉर्नेट पळता पळता मागं आलं, बाजा पुढं आला, आणि सगळे त्या ठोक्याभोवती गोळा झाले. तंबूत कोणी खोकेना. पोर काठावर रडतं त्या जागी बायांच्या बाजूनं राणीच्याच वाक्याची आपोआप कुजबुज उठली, "मांझी, नाव मोड़ दे." कोणीतरी हुंदका दिला. मास्तर वाजवत राहिले.

चीज संपल्यावर साहेब उठून पडद्याजवळ आले. काठी ढोलाकडं रोखून म्हणाले, "यह ढोल..."

पुढचं ऐकायला लाडलेसाब थांबलेच नाहीत. हात जोडून उभे राहिले. "हुजूर, गलती मेरी है. आपने मना किया था, मास्तरने बी मना किया था. मेरा हाथ नै रुक्या. सजा मेरे कू दीजिए, बाजे मत ले जाइए."

साहेब गोंधळले. "मैंने? मैंने कब मना किया?"

लाडलेसाबांनी मास्तरांकडं पाहिलं. मास्तरांच्या जिभेवर उत्तर तयार होतं, तहसिलीतून निरोप चुकीचा आला, कारकुनाचा घोटाळा झाला. कोणी खोडून काढलं नसतं. पण लाडलेसाबांचे हात अजून जोडलेलेच होते, आणि त्या हातांकडं बघून मास्तरांना आपली शरम वाटली.

"न्हाई साहेब," ते म्हणाले. "तुमचं नाव मी खोटं घेतलं. ह्येंची चूक न्हाई. चूक माझी."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. दिव्याखाली बसणं, ठोका सापडणं, गुलबर्ग्याचा दारवान, सगळं. "त्या बोलपटात ढोलच न्हाई, साहेब. मी इंजिन लिवून घेतलं." दारात हँडल घेऊन उभे असलेले अंकुशराव कुणी न विचारताच म्हणाले, "व्हय, माझंच हाय ते."

साहेबांनी अंकुशरावांच्या हातातल्या हँडलकडं पाहिलं. मग त्यांच्या मिशा थरथरायला लागल्या आणि ते खुर्चीवर बसून हसले, डोळे पुसून पुन्हा हसले. मास्तरांना वाटलं, संपलं. हसणं थांबल्यावर साहेब म्हणाले, "हैदराबाद में तीन बार देखी यह पिक्चर. ढोल नहीं था, मुझे भी याद है." मग काठी टेकवली. "नाववाला फिर से बजाओ. ढोल के साथ."

वाजवलं. ऐकून झाल्यावर ते तहसीलदारांना एवढंच म्हणाले, "सील तोड़ दीजिए," आणि बाहेर गेले.

लोकांनी मास्तरांना खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. मास्तर मात्र गर्दीतून वाट काढत मागं गेले. लाडलेसाब ढोलाचे पट्टे आवळत होते. बाहेर अंकुशरावांनी पहिल्या खेळासाठी हँडल मारलं. इंजिन दोनदा खोकलं आणि लागलं. धुग, धुग, धुग. लाडलेसाब हात थांबवून ऐकत राहिले.

"तो मैं इंजन बजा रहा था."

"व्हय."

"और सब को बोलता फिर्‍या, रानी का दिल."

मास्तरांनी खाली पडलेलं ढोलाचं कापड उचललं.

"इंजन बोलते तो बी उतनेच जी से बजाता, मास्तर. तुमने मेरे कू पूछाच नै." लाडलेसाबांनी पट्टा करकचून ओढला. "मैं हाथ जोड के खडा हुआ ना, तुम्हारे वास्ते. तब तक बी तुम चूप."

"माफ करा," मास्तर म्हणाले.

पडद्यावर चित्र सुरू झालं. लाडलेसाबांनी शेवटचा पट्टा आवळला, पडद्याकडं पाहिलं, मग इंजिनाकडं. "लेकिन झूट बी नै बोल्या मैं," ते म्हणाले. "इंजन बंद पड्या तो रानी किधर रहती? पर्दा काला. दिल तो वहीच है ना उसका."

मास्तरांनी पुढं होऊन ढोल स्वतःच्या पाठीवर घेतला. लाडलेसाबांनी घेऊ दिला. दोघं जत्रेच्या गर्दीतून बिऱ्हाडाकडं निघाले, मास्तर पुढं वाकून आणि लाडलेसाब मागून ढोलाला हात लावून. दव पडायला लागलं होतं. कातडं सैल पडेल, हे मास्तरांच्या ध्यानातही आलं नाही.